ताकदीची गोळी

आमचं औषधाचं दुकान गंगावेशीच्या बाजूला आहे. नवरा आणि मी दोघंही फार्मसी शिकलेले. बावीस वर्षं आळीपाळीनं काउंटरवर उभे राहतो. एवढ्या काळात एक नाटक मला पाठ झालंय. चाळिशीतला एखादा माणूस पायरीवर थांबतो, आत डोकावतो, मला बघतो आणि विचारतो, "वैनी, दादा न्हाईत व्हय?" नाहीत म्हटलं की क्रोसिनच्या दोन गोळ्या घेतो. ताप त्याला नसतो. दूध कट्ट्यापर्यंत चक्कर मारून तो परत येतो, पुन्हा डोकावतो. तोवर नवरा आला असला तर काउंटरवर ओणवा होऊन हळूच म्हणतो, "ताकदीची हाय का एखादी?"

आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखंच बोलतो. पण एवढ्या एका बाबतीत मी बाईच ठरते.

माझं भांडण त्या गिऱ्हाइकाशी नाही. 'ताकद' या शब्दाशी आहे. हा शब्द आमच्या गावात फुकटात आलेला नाही, तो कमावलेला आहे. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारी पोरं, तालमीतली तांबडी माती, १९१२ साली शाहू महाराजांनी उभं केलेलं खासबागचं मैदान, डोळ्यांसमोर धार काढलेलं म्हशीचं दूध पेल्यात घेऊन उभ्यानं पिणारी माणसं. इथं माणसाची किंमत ताकदीत मोजायची सवय आहे आणि कुस्तीत ती सवय योग्यही आहे. घोळ होतो तो ही मोजपट्टी अंथरुणापर्यंत नेल्यावर. लिंगाला ताठरता आली नाही की 'ताकद गेली', आली की 'मर्द'. आणि ताकद गेली असेल तर ती भरून काढायची: बदाम, शिलाजीत, कुठल्या तरी बाबाचं चूर्ण, नाहीतर आमच्या दुकानातली निळी गोळी.

शरीरशास्त्र मात्र नेमकं उलटं सांगतं.

शाळेत आपण ऐच्छिक आणि अनैच्छिक स्नायू शिकलो. दंड ऐच्छिक, मनात आलं की फुगवता येतो. लिंगाच्या आत स्पंजासारख्या दोन लांबट पोकळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींतले स्नायू अनैच्छिक असतात, आतड्याच्या किंवा रक्तवाहिनीच्या स्नायूंच्या जातीचे. आता गंमत अशी की लिंग शिथिल असतं तेव्हा हे स्नायू आवळलेले असतात. अनुकंपी मज्जासंस्था, म्हणजे संकटात आपल्याला लढायला किंवा पळायला लावणारी यंत्रणा, त्यांना दिवसभर आवळून धरते. उत्तेजना येते तेव्हा कण्याच्या खालच्या टोकातून, माकडहाडाच्या वरून निघणाऱ्या परानुकंपी, म्हणजे विसाव्याच्या वेळी काम करणाऱ्या, नसा कामाला लागतात. त्यांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटतो, स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात, स्पंज रक्तानं भरतो आणि फुगलेला स्पंज स्वतःच बाहेर जाणाऱ्या शिरा दाबून धरतो. रक्त आत अडकतं. झाली ताठरता.

म्हणजे ज्याला आपण ताकद म्हणतो, तो मुळात सैल सुटण्याचा प्रकार आहे. कुस्तीच्या गावाला हे पचायला अवघड जाईल हे मला कळतं. पण जोर लावून हे काम होत नाही. जितका जोर लावाल तितकी अनुकंपी मज्जासंस्था जागी होते, ॲड्रेनलिनसारखी रसायनं वाढतात आणि ते स्नायू पुन्हा आवळले जातात. भीतीनं पोटात गोळा येतो तसाच हा प्रकार.

नवरदेवांची गत आठवा. हळद, वरात, लग्न, जागरण-गोंधळ, देवदर्शन, सत्यनारायण, असा चार दिवसांचा शीण. घर पाहुण्यांनी गच्च भरलेलं, शेजारच्या खोलीत मावश्या जाग्या, मित्रांचे फोन, आणि सकाळी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न. या परिस्थितीत एखाद्याच्या शरीरानं साथ दिली नाही तर नवल वाटायला नको. दिली तर वाटावं. पण दुसऱ्या दिवशी पोरगा स्वतःला नापास ठरवतो आणि तिसऱ्या रात्री तो बायकोबरोबर नसतोच, तो गॅलरीत बसून स्वतःची कुस्ती बघत असतो. अमेरिकेत विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांच्या शारीरिक प्रतिसादांची प्रयोगशाळेत नोंद करून १९६६ साली निष्कर्ष मांडले. पुढं अडचणी घेऊन आलेल्या जोडप्यांवर उपचार करताना या दोघांनी नेमकी हीच गोष्ट ओळखली: आपणच आपले प्रेक्षक झालो की खेळ संपतो.

अशा पोरांना तपासणारे डॉक्टर एक साधा प्रश्न विचारतात. पहाटे जाग येताना ताठरता असते का? निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा, बहुधा स्वप्नांच्या झोपेत, आपोआप ताठरता येते. स्वप्न कामुक असायची गरज नाही. झोपेत त्या आवळून धरणाऱ्या नसांचा पहारा उठतो, हे त्याचं मुख्य कारण मानलं जातं. पहाटे येत असेल तर नळ, पाइप, टाकी बहुधा सगळं शाबूत आहे. अडचण पहारेकऱ्याची आहे. हे ऐकून चेहरा उजळलेली माणसं मी पाहिलीत. नवऱ्याच्या आडून, अर्थात.

आणि ती निळी गोळी? सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणाऱ्या कळांसाठी तपासलं जात होतं. छातीसाठी फारसं उपयोगी पडलं नाही, पण प्रयोगात भाग घेतलेल्या पुरुषांनी वेगळाच परिणाम सांगितला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडचं शरीरातलं काम उलगडणाऱ्या तिघांना मिळालं. गोळी काय करते? नायट्रिक ऑक्साइडमुळे पेशीत जो निरोप तयार होतो, तो पुसणाऱ्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, ती काही तास अडवते. निरोप मुळात ती लिहीत नाही. मनात काही नसेल, स्पर्श नसेल, तर गोळी पोटात गप्प बसते. ती इच्छा देत नाही आणि ताकद तर नाहीच नाही.

ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि त्यामागचं कारण आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो तेव्हा तो आम्हाला अडवणूक करणारे समजतो. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी नायट्रेट गटातली असते. ती आणि ही एकत्र पोटात गेल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. पण जो माणूस बायकोपासून लपवून गोळी नेतो, तो चार वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झाल्याचं माझ्यासमोर चारचौघांत कसं सांगेल? लाज ही इथं औषधाइतकीच खरी गोष्ट आहे.

उलट बाजूनं बघा. लिंगाच्या धमन्या साधारण एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांनी धमन्यांचं अस्तर खराब होऊ लागलं की आधी बारीक नळी चोंदते. म्हणून पन्नाशीतल्या माणसाची हळूहळू कमी होत गेलेली ताठरता ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षं आधी आलेली नोटीस असते. 'ताकद' म्हटलं की माणूस चूर्ण शोधतो. 'रक्तवाहिनी' म्हटलं असतं तर तो साखर तपासायला गेला असता. एका शब्दानं केवढा फरक पडतो बघा. आमच्या एका जुन्या गिऱ्हाइकाला नवऱ्यानं गोळीऐवजी लॅबकडं पिटाळलं होतं. उपाशीपोटी साखर दोनशे साठ निघाली. त्याला मधुमेह आहे हे त्याला, त्याच्या बायकोला, कुणालाच माहीत नव्हतं.

आता भिंतींबद्दल. स्टँडच्या आसपास, महामार्गालगत, सार्वजनिक मुताऱ्यांत 'निराश होऊ नका' छापाच्या जाहिराती कुणी वाचल्या नाहीत? आपल्या देशात १९५४ सालचा औषधे आणि जादूचे उपाय यांबाबतचा कायदा आहे. लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्यानं सरळ निषिद्ध केली आहे. सत्तर वर्षं होऊन गेली. जाहिरात भिंतीवरून फोनमध्ये शिरली, कायदा पुस्तकात राहिला. मी तक्रार का केली नाही असं कुणी विचारेल. विचारावंच, माझ्याकडं चांगलं उत्तर नाही.

तालमीबद्दल मी जपून बोलते, कारण माझे सासरे स्वतः लंगोट बांधायचे. ब्रह्मचर्य ही शिस्त म्हणून मला मान्य आहे: लवकर झोप, पहाटे उठणं, मोबाइल दूर, लक्ष एकाच ठिकाणी. त्याचा पैलवानाला फायदा होतो, का होणार नाही? पण त्या शिस्तीला चिकटलेली भीती मला मान्य नाही. 'एक थेंब वीर्य म्हणजे इतके थेंब रक्त' हा हिशेब पोरांच्या डोक्यात बसतो आणि स्वप्नावस्था झाली, म्हणजे झोपेत वीर्य गेलं, की अठरा वर्षांचा धडधाकट पोरगा आपण झिजतोय असं धरून बसतो. थकवा, अंगदुखी, झोप उडणं. मनोविकारतज्ज्ञ नरेंद्र नाथ विग यांनी १९६० साली या अवस्थेला 'धात सिंड्रोम' हे नाव दिलं. एका वेळचं वीर्य दोन ते पाच मिलिलीटर, फार तर चहाचा एक चमचा. त्यातला बहुतेक भाग वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथींचा पाझर. शुक्रजंतू शंभरात पाचांच्या आत. रक्ताच्या थेंबांचा हिशेब त्यात कुठंच बसत नाही. खुराकातल्या चार बदामांत त्याची भरपाई केव्हाच झालेली असते.

इथवर पुरुषांचंच चाललंय असं वाटेल, आणि तेच तर दुखणं आहे. दादा नसताना, दुपारी तीनच्या सुमाराला, दुकानात बायका येतात. त्या 'ताकद' म्हणत नाहीत. त्या म्हणतात "आग होते", "कोरडं पडतं", "मनच होत नाही हो". पाळी गेलेल्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी होतं, योनीचं अस्तर पातळ होतं, ओल कमी होते. त्यावर साधं जेल मिळतं, डॉक्टरकडून मलम मिळतं. हे तिला पंचावन्नाव्या वर्षी माझ्याकडून कळतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा मंदावते, हे तिशीतल्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं. ती स्वतःलाच दोष देत असते.

स्त्रीच्या उत्तेजनेचं यंत्र पुरुषापेक्षा वेगळ्या मातीचं नाही. क्लिटोरिस, पाठ्यपुस्तकी मराठीत शिश्निका, ही बाहेर दिसते वाटाण्याएवढी, पण तिचा मोठा भाग आत असतो. त्याच स्पंजासारख्या ऊती, तेच रक्त भरणं, तेच सैल पडणं. तिची संपूर्ण रचना ऑस्ट्रेलियातल्या शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली नव्यानं, नीट मांडली. म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर जवळपास तीस वर्षांनी. मला या दोन तारखा शेजारी ठेवून बघायला आवडतं.

मग फरक कुठं आहे? तो पुष्कळसा परिस्थितीत आहे. जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन या संशोधकांनी मांडलेला विचार सोपा आहे: प्रत्येक माणसात उत्तेजना वाढवणारी एक यंत्रणा असते आणि तिला थोपवणारी दुसरी. दोन्ही स्वतंत्र. आपल्याकडं गळिताच्या हंगामात चढावर थांबलेली उसाची ट्रॉली बघा. चाकाखाली दगड लावलेला असतो. दगड तसाच ठेवून ट्रॅक्टर कितीही रेटला तरी ट्रॉली हलणार नाही; धूर तेवढा निघेल. ताकदीच्या सगळ्या गोळ्या ट्रॅक्टर रेटण्यासाठी आहेत. चाकाखालचे दगड कुठले? पातळ भिंत, जागं पोर, पहाटेचा डबा, दिवस राहण्याची धास्ती, दुपारी सासूसमोर नवऱ्यानं केलेला पाणउतारा. आणि पुष्कळ बायकांना इच्छा आधी आणि जवळीक नंतर असं होत नाही. जवळीक, निवांतपणा, स्पर्श मिळाला तर इच्छा मागाहून येते. कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली हे मांडेपर्यंत अशा बायकांना 'थंड' म्हणून मोकळे होणारे कमी नव्हते.

ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, ते आता. उत्तेजना अनैच्छिक आहे, हे एकदा खरोखर मान्य केलं की त्याच्या मागोमाग एक गोष्ट येते: शरीराचा प्रतिसाद म्हणजे मनाचा होकार नव्हे. संशोधक मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० साली १३२ अभ्यास एकत्र करून तपासलं, की शरीरात मोजलेली उत्तेजना आणि माणसानं स्वतः सांगितलेली उत्तेजना किती जुळतात. पूर्ण जुळली तर आकडा १. पुरुषांत तो ०.६६ आला, स्त्रियांत ०.२६. म्हणजे बाईचं शरीर ओलं होतं तेव्हा तिचं मन तिथं असेलच असं अजिबात नाही. पुरुषाचंही नाही. नुसत्या स्पर्शानं येणारा प्रतिसाद कण्याच्या खालच्या भागातूनच परत फिरतो. त्याला मेंदूपर्यंत जाऊन परवानगी घ्यावी लागत नाही. गुदगुल्या केल्या की शत्रूसमोरही हसू येतं, म्हणून मैत्री झाली असं कुणी म्हणत नाही.

अत्याचार झालेल्या मुली, आणि मुलगेसुद्धा, वर्षानुवर्षं गप्प बसतात त्यामागं पुष्कळदा हेच असतं: 'माझं शरीर हललं, म्हणजे मला ते हवं होतं का?' त्या प्रश्नाचं उत्तर शरीरशास्त्रात दोन ओळींचं आहे आणि आपण ते त्यांना देत नाही. कायद्यानं निदान अर्धी वाट चालली आहे. बलात्काराच्या कायद्यातल्या २०१३ च्या दुरुस्तीनं संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेनं दिलेला होकार हे लिहून ठेवलं, आणि शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही हेही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. बायकोच्या बाबतीत मात्र ती अठरा वर्षांची झाली की हा प्रश्नच कायद्याला पडत नाही. खासबाग बांधणाऱ्या राजानंच १९१९ साली या संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, घरातल्या क्रूरपणाविरुद्ध. ताकदीची आठवण काढताना ही दुसरी आठवण आपल्याला का होत नाही कोण जाणे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. दहावीच्या विज्ञानात प्रजननाच्या आकृत्या आहेत, त्यांच्या शेजारी उत्तेजनेचं हे साधं शरीरशास्त्र असावं. कॉलेजात त्यातला मनाचा आणि संमतीचा भाग असावा. "कशाला विस्तवाला वारा घालता?" असं लोक म्हणतील. म्हणालेही आहेत, २००७ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम शाळांतून थांबवला. त्याच्या कितीतरी आधी, १९२७ मध्ये, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी याच विषयावर मराठीत मासिक काढलं आणि खटले अंगावर घेतले. लैंगिक शिक्षणानं मुलं लवकर बिघडत नाहीत, हे युनेस्कोनं जगभरचे अभ्यास तपासून सांगितलंय. पण मला तो दाखलाही फार वापरावासा वाटत नाही. विस्तव पोरांच्या खिशात आहे, स्वस्त डेटाच्या रूपात. तिथं पुरुष कधी दमत नाही, बाई कधी नको म्हणत नाही, आणि सैल पडणं वगैरे कुणालाच लागत नाही. आपण वर्गात गप्प बसलो तर पोरांच्या डोक्यात तेवढंच शिल्लक राहतं.

शाळेची वाट बघत बसण्यापेक्षा मला तालीम मंडळांकडं जायला आवडेल. पेठांतली मंडळं गणपती बसवतात, फुटबॉलचे संघ पोसतात, रक्तदान शिबिरं भरवतात, पुरात बोटी घेऊन उतरतात. पोरं मास्तरांचं ऐकत नाहीत, वस्तादांचं ऐकतात. वर्षातून एकदा एखाद्या डॉक्टरला बोलावून तासभर हे बोलायला काय हरकत आहे? प्रश्न चिठ्ठीवर घ्या, नाव नको. बचत गटातल्या बायकांसाठी वेगळा तास ठेवा. तिथं मी स्वतः येईन.

मागच्या आठवड्यात एक पोरगा आला होता, अंगानं तालमीतला, वैशाखात लग्न. "दादा न्हाईत व्हय?" झालं. यावेळी मी क्रोसिनला हात लावला नाही. म्हटलं, मला विचार. तो दारापर्यंत गेला, परत आला, आणि वजनाच्या काट्याकडं बघत विचारलं. मी वर लिहिलेलं सगळं पाच मिनिटांत सांगितलं: सैल पडणं, पहाटेचं, मावश्यांचं. तिच्याशी आधी बोल, हेही. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"म्हंजे जोर लावायचाच न्हाई?"

"न्हाई."

तो जरा वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "वैनी, दोन क्रोसिन द्या. खरंच डोकं दुखायलंय आता."